कंपनीचा मेडिक्लेम: टेबलाशी येऊन परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरला आहे आणि बारा वर्षं मेडिक्लेमची फाईल माझ्याकडेच आहे. रिन्यूअलच्या महिन्यात तर मला जेवायलाही वेळ मिळत नाही, कारण ज्याला त्याला तेच प्रश्न पडलेले असतात आणि जो तो वेगळा येऊन विचारतो. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. आकडे उदाहरणाचे असतील तिथे तसं सांगितलंय, बाकी नियम आहेत ते आहेत. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत फरक असू शकतो, ती पीडीएफ एकदा उघडून बघा, कुणीच उघडत नाही म्हणून सांगतेय.

कंपनी मेडिक्लेम देते म्हणजे नक्की काय देते?

कंपनी विमा कंपनीकडून एक ग्रुप पॉलिसी घेते. पॉलिसीधारक कंपनी असते, तुम्ही फक्त त्या यादीतलं एक नाव. हे एवढं डोक्यात बसलं ना की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. कव्हर किती ठेवायचं, आईवडील घ्यायचे की नाही, मॅटर्निटीला किती द्यायचे, हे सगळं कंपनी आणि विमा कंपनी दर वर्षी बसून ठरवतात, मध्ये ब्रोकर असतो, आणि क्लेम बघायला टीपीए असतो. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कागद तपासणारी एजन्सी, पैसे तिचे नसतात, त्यामुळे टीपीएच्या फोनवरच्या मुलीवर ओरडून काही होत नाही.

ग्रुपमध्ये मोठा फायदा हा की डायबेटिस, बीपी, थायरॉईड असे जुने आजार बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, मेडिकल टेस्ट नाही, फॉर्ममध्ये शंभर प्रश्न नाहीत. स्वतःची पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांना थांबावं लागतं. आधी हा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त चार वर्षांचा असायचा, एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, तो तीन वर्षांवर आणलाय.

कंपनीचं आहे तर मग स्वतःची वेगळी पॉलिसी कशाला?

हा प्रश्न तिशीतली मुलं विचारतात आणि पन्नाशीतली माणसं विचारत नाहीत, कारण त्यांना तोवर उत्तर मिळालेलं असतं.

बघा, कंपनीचं कव्हर नोकरीला चिकटलेलं आहे. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत, आयडी कार्ड परत, आणि कव्हरही तिथेच संपतं. आता समजा तुम्ही अठ्ठावीसचे असताना स्वतःची पॉलिसी घेतली नाही, बेचाळीसला शुगर निघाली, पंचेचाळीसला कंपनीने माणसं कमी केली, तर तुम्ही बाजारात जाता तेव्हा शुगर घेऊन जाता. प्रीमियम जास्त, शुगरशी संबंधित आजारांना तीन वर्षं थांबा, आणि कधी कधी सरळ नकार. तेच अठ्ठावीसला घेतलेली छोटी पॉलिसी असती तर वेटिंग कधीच संपलं असतं, शिवाय सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की मोरॅटोरियम लागू होतं, म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर "तुम्ही आजार लपवला होता" असं कारण काढून क्लेम अडवता येत नाही. हा काळ आधी आठ वर्षं होता, २०२४ मध्ये पाच झाला.

खर्च परवडत नसेल तर निदान सुपर टॉप-अप घ्या. पाच लाख डिडक्टिबलवर (म्हणजे पहिले पाच लाख तो देत नाही) पंधरा-वीस लाखांचा सुपर टॉप-अप हा मूळ पॉलिसीच्या मानाने खूप स्वस्त पडतो. पहिले पाच लाख कंपनीच्या मेडिक्लेममधून जातात आणि त्यावरचे टॉप-अपमधून, आणि नोकरी गेली तरी टॉप-अप तुमच्याच नावावर असतो. फक्त साधा टॉप-अप घेऊ नका, त्यात प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं मोजतात, सुपरमध्ये वर्षभराची बेरीज धरतात.

दर वर्षी आमच्या पगारातून कापतात जास्त आणि कव्हर मात्र कमी, कंपनी पैसे खाते का?

नाही हो. रागावू नका, गणित मांडून दाखवते, आकडे समजण्यापुरते.

समजा गेल्या वर्षी कंपनीने ४० लाख प्रीमियम भरला आणि वर्षभरात आपल्या लोकांचे क्लेम झाले ४६ लाखांचे. म्हणजे क्लेम रेशो ११५ टक्के. विमा कंपनीला त्यातूनच टीपीएची फी, ब्रोकरचं कमिशन, स्वतःचा खर्च काढायचा असतो, त्यामुळे तिला साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास क्लेम हवे असतात. आता पुढच्या वर्षी तेच आजार, तीच माणसं, पण हॉस्पिटलचे दर १२ टक्क्यांनी वाढणार असं धरलं तर क्लेम होतात साडेएक्कावन्न लाख. ते ८५ टक्क्यांत बसवायचे तर प्रीमियम लागतो साठ लाखांच्या वर. चाळीसचे साठ! त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी जवळजवळ अकरा लाख, आणि बहुतेक कंपन्यांना ह्या जीएसटीचं क्रेडिटसुद्धा मिळत नाही. फायनान्सवाले साहेब हे कोटेशन बघून जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

मग ब्रोकर म्हणतो, घाबरू नका, प्रीमियम ४८ वर आणतो. कसा आणतो? आईवडिलांच्या क्लेमला २० टक्के को-पे लावा (म्हणजे मंजूर बिलाचा तेवढा भाग एम्प्लॉयीने भरायचा), मोतीबिंदूला कॅपिंग लावा, रूम रेंट विमा रकमेच्या एक टक्क्यावर बांधा, कॉर्पोरेट बफर, म्हणजे कव्हर संपलेल्यांसाठी ठेवलेली जादा रक्कम, काढा, आईवडिलांचा प्रीमियम एम्प्लॉयीकडून घ्या. प्रत्येक गोष्टीने दोन-तीन लाख खाली येतात. कागदावर विमा तोच पाच लाखांचा दिसतो, मेलमध्येही "५ लाख फॅमिली फ्लोटर" असंच जातं (फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांत मिळून एकच रक्कम), आणि आतून तो दर वर्षी थोडा थोडा पातळ होत जातो, दुधात पाणी घालावं तसा. मी गेली बारा वर्षं बघतेय, विमा रकमेचा आकडा कंपनी सहसा हलवत नाही कारण तो लोकांना पाठ असतो, हलतात त्या खालच्या अटी.

चोर कुणी नाही ह्यात. विमा कंपन्यांची ग्रुपमध्ये आपसात मारामारी आहे, पहिल्या वर्षी स्वस्तात कोटेशन देतात, क्लेम आले की दुसऱ्या वर्षी वसूल करतात, मग ब्रोकर दुसऱ्या कंपनीकडे नेतो, तीही तेच करते. देशातला हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम २०२३-२४ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग हा अशा नोकरदारांच्या ग्रुप पॉलिसींचा आहे, त्यामुळे हा धंदा कुणाला सोडायचाही नाहीये.

पण हॉस्पिटलचे दर एवढे वाढतातच कशाने? भाजी तर एवढी वाढत नाही.

मेडिकल इन्फ्लेशन म्हणून जे म्हणतात ते आपल्याकडे १२ ते १४ टक्के असल्याचं ब्रोकर आणि सल्लागार कंपन्या दर वर्षी सांगतात. ह्यात सगळं दरवाढीचंच नसतं. नवीन मशिन, रोबोटिक सर्जरी, कॅन्सरची नवी महागडी औषधं, आधी ज्याला एक एक्स-रे पुरायचा त्याला आता एमआरआय. लोकही आता जास्त ॲडमिट होतात, डेंग्यूच्या सीझनला आमच्याकडे प्लेटलेट थोड्या खाली गेल्या की लगेच ॲडमिट, कारण कार्ड आहेच. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न "कॅश की मेडिक्लेम" हा का असतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

देशाचं चित्र बघायचं तर नॅशनल हेल्थ अकाउंट्स नावाचा सरकारी हिशेब असतो. २०२१-२२ मध्ये भारताचा आरोग्यावरचा एकूण खर्च साधारण ९ लाख ४ हजार कोटी रुपये होता, जीडीपीच्या ३.८३ टक्के. त्यातला ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे, पण २०२१-२२ हे कोविडचं वर्ष, सरकारचा खर्च त्या वर्षी एरवीपेक्षा जास्तच होता, हे लक्षात ठेवून टाळ्या वाजवा. सरकारचा स्वतःचा खर्च तेव्हा जीडीपीच्या १.८४ टक्के होता आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. जी जागा सरकार भरत नाही ती कंपनीच्या मेडिक्लेमवर नाहीतर बायकोच्या पाटल्यांवर येते.

आईवडिलांना कंपनीच्या पॉलिसीत घालू का?

वडिलांना शुगर, आईची बायपास झालेली, आणि बाहेर कुणी पॉलिसी देत नाही किंवा प्रीमियम ऐकून चक्कर येते, अशी घरची परिस्थिती असेल तर डोळे मिटून घाला. पगारातून प्रीमियम कापला तरी घाला. बाहेर ह्या वयात ह्या भावात मिळणार नाही.

को-पे मात्र नीट समजून घ्या. २० टक्के को-पे म्हणजे दोन लाखांच्या मंजूर बिलात चाळीस हजार तुमचे, कॅशलेस असलं तरी. हॉस्पिटलच्या दारात हे कळलं की भांडणं होतात.

आणि अजून एक, बऱ्याच कंपन्यांत "आईवडील किंवा सासूसासरे, दोन्ही नाही" असा नियम असतो. कागदावर अगदी समान दिसतो. टेबलाच्या ह्या बाजूने मला वेगळं दिसतं. पुरुषांपैकी जवळजवळ सगळे स्वतःचे आईवडील घालतात, आणि लग्न झालेल्या मुली "घरी विचारून सांगते" म्हणून जातात आणि तिसऱ्या दिवशी सासूसासऱ्यांची आधार कार्डं घेऊन येतात. मी काही बोलत नाही, फॉर्म भरते. पण एकदा भरलं की ते पूर्ण वर्षासाठी लॉक होतं, मध्ये बदलता येत नाही, तेव्हा विचार आधी करा.

रूम रेंटची भानगड काय आहे? थोडी बरी रूम घेतली तर वरचे पैसे मी भरतो ना!

असं वाटतं सगळ्यांना. मलाही वाटलं होतं, आणि मी एचआरमध्ये असून. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी सेमी-प्रायव्हेट मिळत होती, मी म्हटलं नको, त्यांना झोप लागणार नाही, सिंगल घ्या, फरक मी देते. फरक मी दिला तो रूमचा नाही, जवळजवळ अख्ख्या बिलाचा.

होतं काय की पॉलिसीत रूमची मर्यादा ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची घेतली, तर विमा कंपनी म्हणते हॉस्पिटलचे बाकीचे दरही रूमप्रमाणे चढतात, सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, व्हिजिट सगळं. मग ते सगळं त्याच प्रमाणात कापतात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. सर्जन वगैरे मिळून १,२०,००० झाले असतील तर मिळणार ७५,०००. चार दिवस राहिलात तर रूमचे १२,००० तुमचे आणि वर हे ४५,०००. एकूण ५७ हजार, आणि तुम्ही मनाशी धरलेले होते १२.

औषधं, इम्प्लांट, आणि टेस्ट ह्यांवर अशी कपात करायची नाही असा आयआरडीएआयचा नियम आहे, आयसीयूच्या चार्जवरही नाही. पण बिल बघून घ्या, कारण कापताना कधी कधी सरसकट कापलेलं सापडतं, आणि आपण विचारलं तरच ते परत मिळतं.

ॲडमिशनच्या वेळी फक्त एक वाक्य बोलायचं: "माझ्या पॉलिसीत एवढी मर्यादा आहे, त्यात बसणारी रूम द्या." नसेल आणि नाइलाजाने वरची दिली तर तसं त्यांच्याकडून लिहून घ्यायचा प्रयत्न करा.

कॅशलेस आहे म्हणता आणि डिस्चार्जला संध्याकाळ होते, असं का?

डॉक्टर सकाळी दहाला म्हणतात "घरी जा". त्यानंतर फाईल बिलिंगला जाते, बिलिंगवाले सगळ्या डिपार्टमेंटकडून आकडे मागवतात, मग डिस्चार्ज समरी टाईप होते, मग हे सगळं टीपीएला जातं, टीपीए क्वेरी काढतो "इंडोअर केस पेपर पाठवा", ती क्वेरी हॉस्पिटलच्या कुणाच्या तरी मेलमध्ये दोन तास पडून राहते, आणि आपण कॉरिडॉरमध्ये पिशव्या भरून बसलेले.

मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय एक तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलची विनंती आल्यापासून तीन तासांत द्यायची आहे. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा दिवसाचे पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. मेख "विनंती आल्यापासून" ह्या शब्दांत आहे. घड्याळ डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यावर सुरू होत नाही, हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर होतं. म्हणून आदल्या दिवशीच बिलिंगला जाऊन सांगून या की उद्या जायचंय, तयारी ठेवा.

प्लॅन्ड ऑपरेशन असेल तर किमान दोन दिवस आधी कळवा. जानेवारी २०२४ पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" म्हणून नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळू शकतं, त्यासाठी ४८ तास आधी कळवायची अट आहे, इमर्जन्सी असेल तर ॲडमिशननंतर ४८ तासांत. माझा अनुभव विचाराल तर छोट्या गावातलं हॉस्पिटल तयार होईलच ह्याची खात्री धरू नका, हातात थोडे पैसे ठेवा.

बिलातलं काय कधीच मिळत नाही?

ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, ॲडमिशन फी, नातेवाइकाचं जेवण, फाईलचे पैसे. छोटी छोटी दिसतात, पण मोठ्या ऑपरेशनला दहा-पंधरा हजार सहज होतात. काही पॉलिसींत कन्झ्युमेबल कव्हर म्हणून जादा असतं, आपल्याकडे आहे का ते विचारा. ॲडमिशनच्या आधीच्या टेस्ट आणि नंतरची औषधं मात्र मिळतात, साधारण आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६०. ह्याची बिलं लोक फेकून देतात. फेकू नका.

माझा पगार कमी आहे, माझ्या स्लिपवर ईएसआय लिहिलंय, म्हणजे मला मेडिक्लेम नाही का?

तुम्हाला ईएसआय, म्हणजे सरकारचा कर्मचारी राज्य विमा, आहे, आणि खरं सांगायचं तर कागदावर तो आमच्या मेडिक्लेमपेक्षा भारी आहे. मूळ कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीला. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर लागू. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५ टक्के. २०१९ च्या जुलैच्या आधी हे दर १.७५ आणि ४.७५ होते.

त्या बदल्यात तुम्ही, बायको किंवा नवरा, मुलं, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांचे उपचार, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. पाच लाख संपले, असलं काही नाही. ओपीडीही त्यातच. आजारपणात घरी बसलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रोख. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. हे कुठल्याच खासगी मेडिक्लेममध्ये मिळत नाही.

मग लोक नाक का मुरडतात? कारण दवाखान्यात रांग, औषध "बाहेरून घ्या", स्पेशालिस्ट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. परळचं किंवा चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय सांगणार. पण मोठं दुखणं निघालं, हार्टचं, किडनीचं, कॅन्सरचं, तर ईएसआयकडून रेफर होऊन करार असलेल्या खासगी हॉस्पिटलात उपचार होतात. आमच्या शॉपफ्लोअरवरच्या एका मुलाच्या आईचं डायलिसिस असंच चालू आहे. तेव्हा कार्ड काढलं नसेल तर काढा, कुटुंबाची नावं जोडा, बरेच जण नावंच जोडत नाहीत.

आता अडचण. २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे तिथेच आहे. पगार मात्र वाढतात. ज्याचा पगार २०,८०० वरून २१,६०० झाला तो माणूस खूश होऊन पेढे वाटतो आणि ईएसआयमधून बाहेर पडतो. लगेच नाही, कॉन्ट्रिब्युशन पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, मधे पगार वाढला तरी तो पिरियड संपेपर्यंत कापणं चालू राहतं, आणि त्याचे फायदे त्यानंतर येणाऱ्या बेनिफिट पिरियडमध्ये मिळतात. पण त्यानंतर तो कुणाचाच नाही. छोट्या कंपनीत ग्रुप मेडिक्लेम नसतो, आणि स्वतःचा घ्यायचा तर आठशे रुपयांच्या वाढीत बसत नाही. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात अशांना "मिसिंग मिडल" म्हटलंय, सुमारे ४० कोटी लोक. आम्ही ऑफिसात म्हणतो लटकलेले.

मॅटर्निटीला किती मिळतात?

कंपनीवर आहे. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत नॉर्मलला आणि सिझेरियनला वेगवेगळी मर्यादा असते, आणि पुण्या-मुंबईच्या बऱ्या हॉस्पिटलच्या पॅकेजला ती पुरत नाही. नऊ महिने थांबायची अट ग्रुपमध्ये सहसा काढलेली असते. बाळाचं नाव ३० दिवसांत कळवा, नावच ठरलं नसेल तर "बेबी ऑफ" लिहून पाठवा, बारशापर्यंत थांबलात तर मुदत जाते. लग्न झालं तरी तेच, फोटो इन्स्टावर टाकल्यावर मलाही एक मेल टाका.

ह्याच्यावर टॅक्स लागतो का, आणि ८०डी मिळतं का?

कंपनीने भरलेला प्रीमियम तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. पण तो तुम्ही भरलेला नाही म्हणून ८०डी, म्हणजे मेडिक्लेमच्या प्रीमियमवरची आयकराची सूट, पण नाही. आईवडिलांसाठी तुमच्या पगारातून कापलेली रक्कम मात्र ८०डी मध्ये चालते, ते ६० च्या वर असतील तर ५०,००० पर्यंत, खाली असतील तर २५,०००. हे फक्त जुन्या रिजीममध्ये. नवीन घेतली असेल तर विसरा.

जीएसटीचं सगळे विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसाच आहे. म्हणजे स्वतःची पॉलिसी काढायला जरा बरे दिवस आहेत, आणि आमच्या रिन्यूअलला काही फरक नाही.

राजीनामा दिलाय, आता?

शेवटचा दिवस हाच कव्हरचा शेवटचा दिवस, बहुतेक ठिकाणी. नोटीस पिरियडमध्येच हलायला लागा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. ते तपासणी करतील, प्रीमियम नेहमीचा लागेल, पण शून्यापासून सुरुवात होत नाही. निदान महिनाभर आधी अर्ज द्या आणि माझ्याकडून आतापर्यंतच्या कव्हरचं पत्र मागून घ्या. हे पत्र मागायला बारा वर्षांत माझ्याकडे मोजून सातआठ जण आले असतील. दोन नोकऱ्यांच्या मध्ये गॅप असेल तर तो महिना उघडा असतो, आणि माणूस नेमका तेव्हाच बाइकवरून लडाखला जातो.

सरकारी योजना आहेत ना, मग हे सगळं कशाला?

आहेत आणि त्या वापरा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, ती जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना खुली आहे आणि कव्हर दीड लाखावरून पाच लाख झालंय. नोकरी आहे म्हणून बाद होत नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पाच लाख, ऑक्टोबर २०२४ पासून. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. आईवडील सत्तरच्या वर असतील तर कार्ड आजच काढा, आपल्या को-पेवाल्या पॉलिसीच्या जोडीला घरात असू दे. फक्त तुमचं नेहमीचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का आणि तो आजार पॅकेजमध्ये आहे का, हे आधी बघायचं.

क्लेम नाकारला. एचआर काही करत नाही.

एचआर करते, तुम्हाला दिसत नाही. पहिलं, नकार तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली हे लेखी मागा. निम्मे नकार अपुऱ्या कागदांचे असतात आणि कागद दिले की सुटतात. "फक्त तपासणीसाठी ॲडमिट केलं" हे दुसरं आवडतं कारण, त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं की ॲडमिशन का गरजेची होती. मानसिक आजाराच्या ॲडमिशनला "हे कव्हर नाही" म्हणाले तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवा, त्यात शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचं लिहिलंय.

तरी नाही झालं तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, आणि मग विमा लोकपाल. लोकपालाची ऑफिसं मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते, आणि ग्रुप पॉलिसीचीसुद्धा चालते. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

भाऊ न्यू जर्सीला आहे, तो म्हणतो तिकडे कंपनीच सगळं बघते.

बघते, पण फुकट नाही. तिकडे हे दुसऱ्या महायुद्धात सुरू झालं, १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, कंपन्यांना माणसं हवी होती, मग पगाराऐवजी विमा द्यायला लागल्या आणि पुढे त्याला टॅक्समधून सूट मिळाली. आता निम्म्याच्या आसपास अमेरिका त्यावर आहे. केएफएफ ह्या तिथल्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०२५ च्या सर्व्हेत कुटुंबाचा सरासरी वार्षिक प्रीमियम २६,९९३ डॉलर निघाला, त्यातले ६,८५० कामगाराचे. वर डिडक्टिबल वेगळं. नोकरी गेली तर कोब्रा नावाच्या कायद्याखाली साधारण १८ महिने तीच पॉलिसी चालू ठेवता येते, पण अख्खा प्रीमियम स्वतः भरायचा, वर दोन टक्के. एच-वनबी ह्या नोकरीच्या व्हिसावर असताना ले-ऑफ झालेल्याला एकीकडे व्हिसाचे साठ दिवस आणि दुसरीकडे हे बिल. भावाला विचारा, दात काढायला तो पुण्यालाच येत असेल.

ई-कार्ड कुठे मिळेल?

ह्या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि तोही रात्री दीड वाजता, हॉस्पिटलच्या काउंटरवरून. जॉइनिंगच्या आठवड्यात टीपीएचा मेल येतो, स्पॅममध्ये बघा. डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रिंट घरी फ्रिजवर लावा, आणि नवऱ्याला किंवा बायकोला व्हॉट्सॲप करा, कारण ॲडमिट तुम्ही झालात तर तुमच्या फोनचं लॉक कोण उघडणार. नाव आणि जन्मतारीख आधार कार्डासारखी आहे का तेही बघा. "सुनिता"चं "सुनीता" झालंय म्हणून अडलेला क्लेम मी स्वतः सोडवलाय, तीन मेल आणि अकरा दिवस लागले.